ओटा नसलेली मुलगी

राजूरहून डोंगराकडे निघालेली एसटी शेवटच्या वाडीपाशी थांबते आणि तिथूनच माघारी वळते. पुढे अर्धा तास पायी चाललं की हिरड्यांच्या झाडांआड एक दगडी कुंपण लागतं. फाटकावर पाटी आहे, 'निवासी विद्यालय', बस्स. आसपासच्या वाड्यांना ही शाळा कसली आहे ते ठाऊक आहे, पण कुणी त्याचा गवगवा करत नाही. ज्याच्या अंगी विद्या असते, त्याच्याच हाताने ते फाटक उघडतं. बाकीच्यांसाठी आतून कुणीतरी यावं लागतं.

यशोधरा बारा वर्षांची असताना तिचे वडील तिला इथे घेऊन आले. रंभाजी शेवगावात वायरमन होते. खांबावर चढून तारा जोडणारा धिप्पाड माणूस. आधी त्यांनीच फाटक ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. मग यशोधराने बोटं टेकवली, तसं ते कुरकुर न करता उघडलं. रंभाजींनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "जा बाळ. मी हितंच उभा हाय."

आत चार ओटे होते, चार दिशांना तोंडं केलेले. पाण्याच्या ओट्यावरची मुलं जमिनीला कान लावून खालचे झरे ऐकत. बियांच्या ओट्यावर मुठीत धरलेल्या हुलग्याला दुपारपर्यंत कोंब फुटत. आगीच्या ओट्यावरची मुलं थंड राखेतून निखारा जागा करत, आणि पाखरांच्या ओट्यावरची मुलं पाखरांशी बोलत. प्रत्येक ओट्याच्या मधोमध एक लाकडी खांब होता. नव्या मुलाने चारही खांबांना हात लावायचा. जो खांब हाताखाली ऊन लागेल, तो त्याचा ओटा. मग जेवण, अभ्यास, रुसवेफुगवे, सगळं त्याच ओट्यावर.

यशोधराला चारही खांब गार लागले.

मुख्याध्यापक आप्पासाहेब सरांनी तिला दिवाळीनंतर पुन्हा हात लावायला लावला. मग उन्हाळ्याआधी. मग पुढच्या वर्षी. दर वेळी सगळी शाळा जमायची, आणि दर वेळी ती खांबावरून हात काढून सरांकडे बघत मान हलवायची. तिसऱ्या वर्षी सरांनी तो प्रकारच बंद केला. फाटकाने आत घेतलं होतं, म्हणून तिला घरी पाठवता येत नव्हतं. खांबांनी ओळख दिली नव्हती, म्हणून तिला कुठे बसवताही येत नव्हतं.

कुणी तिला टाकून बोललं नाही. पण जेवणाची घंटा झाली की सगळे आपापल्या ओट्याकडे धावत आणि अंगणात ती एकटी उरे. तिला कुठे जायचं ते सांगायचं कुणाच्याच लक्षात येत नसे. मग ती ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसू लागली. राहीबाई चुलीपुढून नागलीची भाकरी थेट तिच्या ताटलीत टाकायची. राहीबाई खालच्या वाडीची होती. तिच्या हाताने फाटक उघडत नसे. रोज सकाळी यशोधराच ते तिच्यासाठी उघडायची.

एका रविवारी फोनवर रंभाजींनी सहज विचारलं, "जेवायला कुठं बसतीस?"

"पायरीवर. स्वयंपाकघराच्या."





"तुझ्या आज्याला मास्तर पायरीवर बसवायचे," रंभाजी म्हणाले. "आतलं शिकवणं भायरून ऐकायचा. त्याला बसवलं हुतं. तू आपणहून बसू नको. आत जाऊन बस. कुठं बी बस, पन आत."

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यांवर जाऊ लागली. सोमवारी पाण्याच्या, मंगळवारी बियांच्या, अशी पाळीने, मागच्या रांगेत. शिक्षकांनी हरकत घेतली नाही. तिला झरा ऐकू येत नसे, पण खडकाच्या कुठल्या जातीखाली पाणी टिकतं हे तिला तोंडपाठ झालं. तिला पाखरांशी बोलता येत नसे, पण बुलबुलाची कुठली हाक मांजराची आणि कुठली सापाची, हे ती वहीत लिहून घेई. चार वर्षांत तिच्या अकरा वह्या भरल्या. विद्या काही आली नाही.

दिशा आली तेव्हा यशोधरा सोळाची होती.

दिशा सोनईची. अकरा वर्षांची, हाडकुळी, केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेली. पाखरांचा खांब तिच्या हाताखाली इतका तापला म्हणे की तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पहिल्याच आठवड्यात तिने मागच्या उंबरावरचे सगळे पोपट अंगणात उतरवले आणि हसत हसत पुन्हा वर पाठवून दिले. पाखरांच्या ओट्याच्या माधुरी मॅडम कडक बाई. त्या दिवशी त्या वर्गातून बाहेर आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "वीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "असं पाहिलं नाही."

प्रत्येक ओट्याला ओढ असते, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवत. झऱ्याचा आवाज गोड लागतो, ऐकत राहावंसं वाटतं, आणि फार ऐकलं तर माणूस तिकडचाच होतो. म्हणून एका तासाच्या वर विद्येच्या आत राहायचं नाही आणि परतताना आपलं नाव तीनदा घ्यायचं. दिशाला हे सगळं पाठ होतं. पण फाल्गुनात उत्तरेकडचे धोबी पक्षी परत निघायच्या आधी शाळेमागच्या कातळावर जमतात, शेकड्यांनी. त्या दिवशी सकाळी दिशा एकटीच वर गेली. दुपारी जेवायला आली नाही. शोधाशोध झाली, तेव्हा ती कातळावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सापडली. धोबी उडून गेले होते. तिचे डोळे उघडे होते आणि मान पाखरासारखी, झटक्याझटक्याने, इकडून तिकडे वळत होती.

तिला तिचं नाव कळेना. भाकरी पुढे केली तर ती तोंड फिरवी. जमिनीवर सांडलेले तांदळाचे दाणे मात्र एकेक करून वेची. राजूरच्या डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, मार नाही, काही नाही.

माधुरी मॅडमनी तिला पाखरांच्या बोलीत हाक मारली. दिशाने लगेच ओ दिली, आणि आणखीनच दूर गेल्यासारखी तिची नजर पातळ झाली. मग पाण्याच्या ओट्यावरचा आदिनाथ, सगळ्यांत हुशार मुलगा, तिचा हात धरून, तिला परत आणायला तिच्यामागे आत जायला बसला. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तो नदी, नदी म्हणत राहिला. त्याला ओढून बाजूला करावं लागलं. बियांच्या ओट्यावरच्या रेश्माने हात धरला, तर तिला मातीचा वास येऊन अशी गुंगी चढली की ती दिवसभर उठली नाही. ज्याला ओटा होता, त्याला वाटेत आपलाच ओटा गाठत होता.

आप्पासाहेबांनी सगळं थांबवलं. "माझ्या उमेदीच्या काळात सहादेव नावाचा मुलगा असाच पाण्यात गेला," ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. दार उघडं होतं, यशोधराला ऐकू आलं. "आईबापांनी घरी नेला. विहिरीच्या कडेला बसून असायचा. तिशीत वारला. दिशाच्या आईला बोलावून घ्या."

यशोधरा दारात उभी राहिली. "मॅडम, मी बसू का तिच्याजवळ?"

माधुरी मॅडमनी थकलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला काय येतं, यशोधरा?"

त्या कुत्सितपणे बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

"काहीच नाही," यशोधरा म्हणाली. "म्हणूनच विचारते. मला ओढून न्यायला तिथे काही नाही."

आजारी मुलांच्या खोलीत एक खाट आणि एक खिडकी होती. यशोधराने दिशाचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. आधी काही झालं नाही. मग हळूहळू तिला गार वाटायला लागलं, उंचावर असल्यासारखं. भोवती खूप आवाज होते, एकमेकांत मिसळलेले, आणि खाली जमीन कुठेच नव्हती. ती घाबरली. पण आदिनाथला जसं नदीने बोलावलं, तसं तिला कुणी बोलावलं नाही. इतकी वर्षं ज्याचं वाईट वाटत आलं, तेच तिथे तिच्या उपयोगी पडलं. ती नुसती दिशाजवळ थांबली आणि बोलायला लागली.

"हे पांघरूण आहे. निळं आहे. हे पाणी. हा माझा हात. तुझं नाव दिशा. आज मंगळवार. राहीबाईने पिठलं केलंय."

असं ती दिवसभर बोलत राही. घसा बसला की गप्प राही, पण हात सोडत नसे. राहीबाई दोघींचं जेवण तिथेच आणून ठेवी आणि दारातून म्हणे, "बोल गं, बोल. येईल ती. पोटाला लागंल तवा येईल."

तिसऱ्या दिवशी दिशाने तांब्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. "पाणी."

बातमी शाळाभर झाली. मुलं खिडकीबाहेर गोळा झाली. पुढच्या दोन दिवसांत 'हात' आला, 'भाकरी' आली, 'निळं' आलं. रेश्मा रडली. आदिनाथने सगळ्यांदेखत यशोधराला नमस्कार केला, ती लाजून आत पळाली.

सहाव्या दिवशी सकाळी खिडकीबाहेरच्या करवंदीत बुलबुल ओरडला. मांजराची हाक होती ती. यशोधराने वहीत लिहिलेली. तिने दिशाकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी या हाकेसरशी दिशाची मान झटक्यात वळली असती. आता ती पांघरुणाचा काठ बोटांत धरून हळूच 'निळं, निळं' म्हणत होती. तिला ती हाक ऐकूच आली नव्हती.

यशोधरा सकाळभर लक्ष देऊन बसली. कोतवाल पाखराची एक हाक दिशाला अजून कळत होती. दुपारी दिशाने 'खिडकी' हा शब्द उचलला, आणि संध्याकाळी तोच कोतवाल तसाच ओरडला, तेव्हा ती ढिम्म बसून राहिली. एक शब्द आत येत होता आणि त्याची जागा करायला एक हाक बाहेर जात होती.

ती उठली आणि माधुरी मॅडमकडे गेली. सगळं सांगितलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "किती राहिलंय?"

"निम्मं असेल. मला नीट सांगता येणार नाही."

"थांब मग," मॅडम एकदम म्हणाल्या. "थांब. हात लावू नकोस तिला." मग खुर्चीत बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "अशी विद्या पुन्हा येत नाही गं."

दुसऱ्या दिवशी दिशाची आई आली. चांगुणा तिचं नाव. शेतातून उठून आल्यासारखी होती. बांगड्यांच्या खाली हातांवर कांद्याची सालं चिकटलेली. तिच्यासाठी फाटक यशोधराने उघडलं. आत गेल्यावर तिने लेकीला हाक मारली, दिशाने तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पांघरुणाकडे पाहिलं. चांगुणा खाटेच्या पायाशी खाली बसली.

व्हरांड्यात आप्पासाहेबांनी तिला सगळं समजावून सांगितलं. एक तर मुलगी अशीच राहील, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, पण विद्या शाबूत. किंवा पूर्ण परत येईल, पण विद्या जाईल. मॅडम म्हणाल्या, काही महिने वाट पाहू, कदाचित तिसरा मार्ग सापडेल. सहादेवसाठीही तशीच वाट पाहिली होती, असं आप्पासाहेब हळूच म्हणाले.

चांगुणाने पदराने तोंड पुसलं. "मला तुमची इद्या कळत न्हाई, मॅडम. ती पाखरं बोलवायची, मला बी लई कौतिक हुतं. पन आता ती मला वळखत न्हाई. मला आई म्हनारी पोरगी पायजे. दुसरं काय मागू मी?"

 शेवटी मॅडमनी होकाराची मान हलवली.

यशोधराला मात्र ते पुरेसं वाटेना. ती पुन्हा खाटेजवळ बसली. दिशाकडे आता वीस-पंचवीस शब्द होते. तेवढ्याच शब्दांत यशोधराने विचारलं. "दिशा. पाखरं जातील. आई येईल. मी बोलू? की थांबू?"

दिशा तिच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने हात पुढे केला आणि यशोधराचं बोट घट्ट धरलं. यशोधराने त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि बोलत राहिली.

बाराव्या दिवशी दुपारी दिशा उठून बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू कधी आलीस?" चांगुणाने असा हंबरडा फोडला की चारही ओट्यांवरचे वर्ग थांबले.

चार दिवसांनी दिशा आपल्या पायांनी पाखरांच्या ओट्यावर गेली आणि तिने खांबाला हात लावला. मग दुसरा हात लावला. मग गाल टेकवला. सगळी मुलं बघत होती. ती खाली उतरली आणि कुणाशी न बोलता खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर पाखरांच्या ओट्यावरची मुलं यशोधराशी बोलेनाशी झाली. त्यांच्यातला मोठा हर्षल तिला नळापाशी गाठून म्हणाला, "तुला मिळालं नाही, म्हणून तिचंही घालवलंस." यशोधराने कळशी उचलली. उत्तर द्यायला तिच्याकडे खूप काही होतं, पण त्यातलं एकही तिला धडपणे खरं वाटेना. आपल्या मनात तसं कुठे होतं का, हे ती त्या दिवसापासून स्वतःला विचारत राहिली. नव्हतं, असं तिला वाटे. पण आतून कुणी छातीठोक सांगत नसे.

घरी निघायच्या आदल्या दिवशी दिशा आपण होऊन तिच्याकडे आली.

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. तू माझं बोट धरलंस."

दिशाने आठवायचा प्रयत्न केला. "मला थंडी वाजत होती," ती म्हणाली. "वर खूप थंडी होती. म्हणून धरलं."

यशोधराने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.  दिशा थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. सकाळी चांगुणाबरोबर तिने राजूरची एसटी धरली.

त्या आठवड्यात आप्पासाहेबांनी सगळ्या शाळेला अंगणात बसवलं. यशोधराला पुढे बोलावलं. चार वर्षं आपण चुकलो, ते म्हणाले, या मुलीची विद्या आपल्याला ओळखता आली नाही. मधल्या मोकळ्या जागेत पाचवा ओटा बांधायचा, पाचवा खांब रोवायचा, आणि त्याला पहिला हात हिने लावायचा. बियांच्या ओट्याच्या मुलांमधून टाळ्या सुरू झाल्या.

कधी काळी याच वाक्यासाठी ती पायरीवर बसून रडली होती. आता ते कानावर पडलं आणि तिला दिशाचा खांबाला टेकवलेला गाल दिसला.

"नको, सर," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"पाचवा खांब रोवला, तर तोही कुणालातरी गार लागेल. आणि ही विद्या आहे की नाही, मला माहीत नाही. मी नुसती बसले होते. त्यात एकीचं मोठं नुकसान झालंय. त्याच्यावर ओटा बांधू नका."

आप्पासाहेबांनी विचारलं, "मग तुला काय हवंय?"

"नवीन मुलं येतात तेव्हा आपण त्यांना आत कसं जायचं ते शिकवतो. परत यायचं ते एका ओळीत सांगतो. नाव तीनदा घ्या म्हणून. ते मला शिकवू द्या. चारही ओट्यांवर. मी सगळीकडे बसलेय, मला प्रत्येकाची ओढ कशी असते ते ठाऊक आहे."

सर काही म्हणायच्या आत मागून माधुरी मॅडम उठल्या. दिशा गेल्यापासून त्या यशोधराशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. "पाखरांपासून सुरुवात कर," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मे महिन्यात सुट्टी लागली. शेवगावला जाताना यशोधरा वाट वाकडी करून सोनईला उतरली. आधी कळवलं नव्हतं, नको म्हणतील म्हणून. चांगुणा दारातल्या मांडवाखाली कांदा निवडत होती. तिने पाणी दिलं, चहा टाकला, यशोधराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दिशा आतून आली, आईशेजारी बसली आणि कांदे निवडू लागली.  यशोधरानेही कांद्याची एक पाटी पुढे ओढली. तिघींनी दोन तास कांदे निवडले. गावातली शाळा, जूनमध्ये सातवी, नवं दप्तर, असं चांगुणाच मध्ये मध्ये बोलत होती.

निघताना दिशा चपला घालून तिच्याबरोबर फाट्यापर्यंत आली. फाट्यावरच्या कडुनिंबावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. दिशाने वर पाहिलं नाही.

"परत जाणार तू तिथे?"

"हो. मला नव्या मुलांना शिकवायचंय. परत कसं यायचं ते."

"मी सकाळी उठते ना," दिशा म्हणाली, "तेव्हा थोडा वेळ असं वाटतं की आता कळेल. मग नाही कळत. नुसता आवाज येतो." तिने पायाने खडा उडवला. "पण आईची भाजी जळायला लागली की मला वासावरून कळतं. तिकडे असताना ते कळलं नसतं."

यशोधराने तिच्याकडे पाहिलं. माफ केलं का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. आणि विचारू नये, असंही वाटलं.

शेवगावची एसटी लांबून दिसायला लागली.

"पुन्हा कुणी माझ्यासारखं गेलं ना," दिशा घाईने म्हणाली, "तर तू बस त्याच्याजवळ. पण आधी त्याला पांघरूण घाल. ऊब येऊ दे. मग विचार."

"बरं," यशोधरा म्हणाली.  "तसंच करीन."

एसटी थांबली. यशोधरा चढली, तिला खिडकीजवळ जागा मिळाली. दिशाने यशोधराची खाली ठेवलेली पिशवी उचलून खिडकीतून आत दिली. पिशवीत चांगुणाने किलो-दोन किलो कांदे भरले होते, त्यामुळे ती जड झाली होती. कंडक्टरने घंटी मारली. गाडी निघाली तशी दिशा रस्त्याच्या कडेने चार पावलं बरोबर चालली. मग थांबली, हात वर केला आणि घराकडे वळली.